कथा-कविता लिहिणाऱ्यांनी पीएच.डी. करावी का? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मराठीत पीएच.डी. केली, आता शिकवते आणि कथाही लिहिते. दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की विद्यार्थी घरी येतात, फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरीच वर्षं मनात होतं. मराठीचा अनुभव जास्त असल्यामुळे उदाहरणं तिथली आली आहेत, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अशा मानव्यविद्यांच्या बहुतेक विभागांत हेच लागू पडेल.

मी कविता लिहिते. संशोधनाला लागले तर कविता आटेल का?

पहिल्या वर्षी कमी होईल, कारण कोर्सवर्क, वाचन आणि कागदपत्रं यांतच दिवस जातो. पुढचं तुमच्या हातात आहे.

पुण्यातच पाहा. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला जातिसंस्थेवर संशोधन करून आले, इथं बसून त्यांनी २३ खंडांचा ज्ञानकोश तडीस नेला आणि 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवत. गावोगाव फिरून माणसांची मोजमापं घेणाऱ्या बाईंनी वारीत चालत जाऊन मराठीतला एक उत्तम ललित लेखही लिहिला. महाभारतातल्या माणसांवरच्या त्यांच्या 'युगांत'ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकातली द्रौपदी आणि गांधारी आपल्याला घरातल्या बायकांसारख्या वाटतात, पण त्यांच्या मागं कोण उभं आहे ते लक्षात घ्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांचे पाठ शेजारी शेजारी ठेवून कुठला श्लोक जुना आणि कुठला मागाहून घुसलेला हे ठरवलं जात होतं. इरावतीबाईंनी त्या आवृत्तीचा आधार घेतला. पाठभेद नोंदणाऱ्या पंडितांच्या चिकाटीवर एक ललित पुस्तक उभं राहिलं. विद्यार्थ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण संशोधन रुक्ष आणि लेखन रसरशीत अशी वाटणी आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेली असते.

माझी कादंबरीच प्रबंध म्हणून देता येईल का?

आपल्याकडे सहसा नाही. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं १९७० साली सर्जनशील लेखनाचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला, आणि तिकडं आता कादंबरी किंवा कवितासंग्रह व त्यासोबत समीक्षात्मक भाग अशा रूपात पीएच.डी. करता येते. आपल्या मराठी विभागांत प्रबंध म्हणजे प्रश्न, पुरावा आणि मांडणी. कादंबरी लिहायचीच असेल तर ती वेगळी लिहा, आणि प्रबंधासाठी कादंबरीच्या घडणीबद्दलचा असा प्रश्न घ्या जो लेखक म्हणूनही तुमची झोप उडवतो.

विषय सापडला आहे, तरी मार्गदर्शक म्हणतात, 'प्रश्न कुठाय?' म्हणजे काय?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथं थोडी थांबते.

'ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण' हा विषय झाला. तो घेऊन तुम्ही कुठंही गेलात तरी चूक ठरणार नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. आता असं विचारा: १९६० ते १९८० या काळातल्या ठरावीक दहा कादंबऱ्यांत दोन बायका एकमेकींशी, पुरुष समोर नसताना, किती वेळा बोलतात? तेव्हा लेखक त्यांच्या तोंडी बोली देतो की प्रमाण मराठी? आता मोजता येतं, उतारे काढता येतात, आणि मुख्य म्हणजे तुमचा अंदाज खोटा ठरू शकतो. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत आहे त्याच्यापायी पाच वर्षं घालवू नका.

माझा विषय जात्यावरच्या ओव्या हा होता. पुण्यात गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यामुळे 'ओव्या गोळा करणं' यात नवं काही उरलं नव्हतं. मी वर्षभर चाचपडत होते. एकदा भोर तालुक्यातल्या एका वाडीत एका आजींकडे गेले. रेकॉर्डर चालू केला, समोर बसले, म्हटलं, आजी, सांगा ना. त्यांनी 'पहिली माझी ओवी' असं म्हटलं आणि अडल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडल्या. मग त्या उठल्या आणि पडवीतल्या कोपऱ्यात गेल्या. वापरात नसलेल्या जात्यावर पोती रचलेली होती, ती सुनेकडून बाजूला करून घेतली. खुंटा धरला आणि नुसतं रिकामं जातं ओढायला लागल्या. दाणे नव्हते, दगडावर दगड घासल्याचा आवाज येत होता. आणि ओव्या आल्या, एकीमागून एक, चाळीसेक. थांबल्यावर मला म्हणाल्या, "बाय, हात फिरला की आठवतंय. बसून न्हाय आठवत."

माझा प्रश्न त्या दिवशी मिळाला. हात फिरत असताना आलेली ओवी आणि बसून सांगितलेली ओवी यांत शब्द बदलतात का? कोणाची नावं येतात, कोणाची गळतात? भावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं, नवऱ्याचं घेतलं जात नाही, तिथं कोणते शब्द येतात? त्या खुंट्याशिवाय माझा आराखडा तयार झाला नसता. प्रश्न टेबलापाशी बसून सुचत नसेल तर उठा आणि ज्या वस्तूबद्दल लिहिताय तिच्याजवळ जाऊन बसा.

नोंदी कशा ठेवायच्या?

दोन वह्या करा. एकीत जे सापडलं ते: लेखक, शीर्षक, वर्ष, अंक, पृष्ठ, कुठल्या ग्रंथालयात पाहिलं, दाखल क्रमांक, पाहिल्याची तारीख. दुसरीत तुम्हाला जे वाटलं, सुचलं, आठवलं ते. कथा-कविता या दुसऱ्या वहीतून येतील, प्रबंध पहिलीतून. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

हे मी चुकून शिकले. सुरुवातीला माझी एकच वही होती. एका जुन्या मासिकातला दळणकांडणावरचा लेख उतरवून घेताना मला त्याच ओघात एक वाक्य सुचलं आणि मी ते खालीच लिहिलं. दोन वर्षांनी तिसरं प्रकरण लिहिताना ते वाक्य अवतरणचिन्हांत, त्या लेखिकेच्या नावावर गेलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी समासात फक्त 'पृष्ठ?' एवढंच लिहिलं. मी तीन दिवस ग्रंथालयात बसून त्या मासिकाचा सगळा खंड पान न् पान चाळला. वाक्य कुठंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उमगलं की ते माझंच होतं. त्या वाक्याच्या आधारावर लिहिलेली नऊ पानं काढून टाकली. बाईंनी विचारलं नसतं तर एका मृत लेखिकेच्या तोंडी मी माझे शब्द कायमचे घातले असते. अजूनही तो विचार आला की पोटात कालवतं.

नोंद कशी असते हे बघायचं असेल तर डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोशाचा प्रकल्प एकदा बघून या. १९४८ साली सुरू झालेलं हे काम अजून चालू आहे आणि तिथं सुमारे १ कोटी चिठ्ठ्या खणांमध्ये लावलेल्या आहेत. एकेका चिठ्ठीवर शब्द, तो जिथं आला ते वाक्य, ग्रंथाचा संदर्भ. लिहिणारी किती माणसं गेली, पण चिठ्ठी आजही विश्वासानं वापरता येते. आपली वही आपल्यानंतर कोणाला अशी वापरता येईल का, असा विचार करत नोंद करा.

पुण्यात कुठं बसून वाचायचं?

इतक्या जवळ इतकं असलेलं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही, असं माझं मत आहे.

गणेशखिंडीत विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. १९४९ साली सुरू झालेल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचं नाव त्याला आहे. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आणि आधीचे प्रबंध पाहायला सुरुवात तिथून करा. आधीचे प्रबंध वाचल्याशिवाय विषय पक्का करू नका. अनेक प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात, पण जुने मिळतीलच असं नाही.

इतिहासवाल्यांना सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ सांगायला नकोच. राजवाड्यांनी पुढाकार घेऊन १९१० साली स्थापन केलेलं. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, आधी ते चाळा आणि मग मूळ कागदांकडे वळा. साहित्यवाल्यांसाठी टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद, १९०६ची. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ सालचं. समाजशास्त्र-अर्थशास्त्राकडे झुकणारा विषय असेल तर गोखले संस्थेचं ग्रंथालय. हस्तलिखितं लागणार असतील तर विधी महाविद्यालय रस्त्यावरचं भांडारकर.

आणि अप्पा बळवंत चौक. पाठ्यपुस्तकांच्या गर्दीतून वाट काढत जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे जा, तुमचा विषय सांगून ठेवा. ही माणसं विषय लक्षात ठेवतात. माझ्याकडचं एक ओव्यांचं फाटकं पुस्तक असंच सहा महिन्यांनी आलेल्या फोनवरून मिळालं.

जाताना सोबत पेन्सिल न्या, कारण जुन्या कागदांजवळ पेन चालत नाही. फोटो काढायच्या आधी परवानगी विचारा. फोटो काढलात तर मुखपृष्ठाचाही काढा, नाहीतर महिन्यानं कुठलं पान कुठल्या अंकाचं हेच कळत नाही. ग्रंथपालांशी नीट बोला, सूचीत नसलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं.

मोडी शिकायला हवी का?

एकोणिसाव्या शतकातल्या किंवा त्याआधीच्या मराठी कागदांवर काम करणार असाल तर हो, आणि पहिल्याच वर्षी. छापील साहित्यावर काम असेल तर गरज नाही. अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत ओळखता येतात. वेळ लागतो तो एकेका लेखकाच्या हाताला सरावायला, आणि तो सराव रोज एक कागद वाचल्यानं होतो.

पात्रता आणि मुदत काय असते?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२चे नियम धरून थोडक्यात सांगते. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं असेल तर ७५. राखीव प्रवर्गांना, दिव्यांगांना आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. मुदत कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६. फेरनोंदणी करून आणखी २ मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणानं गाव बदललं तर बाईला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं आणि त्या नोंदणी सोडून देतात. सोडू नका.

कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं असतं. एम.फिल. आता नाही. २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरता येतात. कनिष्ठ संशोधनवृत्ती (जेआरएफ) नसलेल्यांच्या बाबतीत त्या गुणांना ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. प्रवेशाची जाहिरात प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पैशाचं काय?

नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० रुपये. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या घटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. पहिल्या दोन्हींची कार्यालयं पुण्यातच आहेत. यातलं काहीच मिळालं नाही तर मात्र आधी हिशेब करा: खोली, मेस, प्रवास, झेरॉक्स, शेवटी बाइंडिंग. तासिका तत्त्वावर शिकवत संशोधन करणारे कितीतरी विद्यार्थी मी पाहते. त्यांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे, आणि त्यांना लागणारा जास्तीचा वेळ हा त्यांचा आळस नव्हे, एवढं मार्गदर्शकांनी ओळखावं असं कळकळीनं वाटतं.

मार्गदर्शक कसा निवडू?

नाव मोठं आहे म्हणून जाऊ नका. त्यांच्याकडे आधी पूर्ण झालेले दोन प्रबंध काढून वाचा आणि त्या विद्यार्थ्यांना भेटा. एकच विचारा: प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचं, आणि त्यावर काय लिहिलेलं असायचं? प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा आहे का, निवृत्ती कधी, हे मोकळेपणानं विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

सर म्हणतात, 'पीएच.डी. होईपर्यंत कविता बंद.' काय करू?

सरांचा हेतू बहुधा चांगला असतो. कवितेच्या नादात प्रबंध रखडलेले त्यांनी पाहिलेले असतात. वाद घालू नका, ठरलेलं प्रकरण ठरलेल्या तारखेला द्या. तसं केलं की सहसा कवितेबद्दल कोणी विचारत नाही. कविता मात्र बंद करू नका. मी सकाळी सहा ते साडेसात कथा आणि कॉलेज सुटल्यावर प्रबंध असं चार वर्षं केलं. एका दिवसात दोन्ही होतात, एका तासात होत नाहीत.

क्षेत्रकार्यात ऐकलेलं कथेत वापरू का?

प्रबंधाच्या वेळी तुम्ही माणसाकडून परवानगी घेतलेली असते ती अभ्यासासाठी. कथेसाठी ती आपोआप मिळत नाही. इथं मी कडक आहे.

भोरच्या त्याच आजींनी रेकॉर्डर बंद केल्यावर मला त्यांच्या थोरल्या लेकीबद्दल सांगितलं होतं. काय, ते इथंही लिहिणार नाही. कथाकार म्हणून मला कळत होतं की त्यात एक पूर्ण कथा आहे, आणि ती सुचलेल्या ओळींसकट दुसऱ्या वहीत उतरलीही होती. वर्षभरानं मी परत गेले, ओव्यांची छापील प्रत त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, आजी, ते दुसरं लिहू का, नाव-गाव बदलून? त्या बराच वेळ कागदावरून हात फिरवत राहिल्या. वाचता येत नव्हतं, पण त्यांचं नाव कुठं आहे ते मी बोट ठेवून दाखवलं होतं. मग म्हणाल्या, "हे ऱ्हाऊ दे. ते नको." ती कथा मी लिहिली नाही.

याचा अर्थ क्षेत्रकार्याचं लेखनात काहीच येत नाही असा नाही. बोलण्याची लय, पडवीतला उजेड, पोती सरकवणाऱ्या सुनेची नाराजी, हे सगळं वेगळ्या माणसांत, वेगळ्या गावात उतरतं. माणूस ओळखू येईल असं काही येता कामा नये. शंका आली की जाऊन विचारा. आणि ओवी, म्हण, गाणं वापरलंत तर ते कोणी गायलं त्यांचं नाव द्या, त्यांची हरकत नसेल तर. लोकगीताचा कर्ता माहीत नसतो, पण गाणारी बाई समोर असते.

प्रबंधाची भाषा अवघडच असायला हवी का?

नाही, आणि या प्रश्नावर मला रात्रभर बोलता येईल. एका विद्यार्थ्याच्या कच्च्या प्रकरणात असं वाक्य होतं: 'प्रस्तुत कादंबरीतील अवकाश हा विस्थापनाच्या जाणिवेच्या अनुषंगाने अर्थनिर्णयनाच्या बहुविध शक्यता संसूचित करतो.' मी त्याला म्हटलं, मला चहा पिता पिता सांग, काय म्हणायचंय? तो म्हणाला, "मॅडम, धरणात गाव गेलंय, पण लेखक घराचं वर्णन करताना वर्तमानकाळ वापरतो. जणू घर अजून आहे." म्हटलं, हेच लिही. तो अवाक झाला, त्याला वाटलं हे फार साधं होईल. पण या साध्या वाक्यात निरीक्षण आहे, पुरावा कुठं शोधायचा ते आहे, आणि ते खोडून काढता येतं. पहिल्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

संज्ञा टाळा असं मी म्हणत नाही. जिथं संज्ञेनं नेमकं काम होतं तिथं ती वापरा, पहिल्यांदा आली की तिचा अर्थ सांगा, आणि सबंध प्रबंधभर तोच ठेवा. 'अवकाश' एका पानावर जागा आणि दुसऱ्या पानावर फुरसत, असं होऊ देऊ नका. कथा लिहिणाऱ्यांचा इथं खरा फायदा असतो, कारण खोटं वाक्य कानाला टोचतं ही सवय त्यांना आधीपासून असते. ती सवय विभागाच्या दाराबाहेर काढून ठेवू नका.

साहित्यचौर्य तपासणीत १० टक्के चालतात म्हणे?

आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४०मध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६०मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भासह दिलेली अवतरणं यात धरत नाहीत.

पण १० टक्के उचलायची मुभा आहे असा याचा अर्थ लावू नका. जुनी मराठी पुस्तकं संगणकावर शोधता येतील अशा रूपात फार थोडी आहेत, त्यामुळे त्यांतून उचललेलं यंत्राला दिसत नाही. वाचणाऱ्याला दिसतं. बाहेरचे किमान दोन परीक्षक असतात आणि ती पुस्तकं त्यांनी तरुणपणी वाचलेली असतात.

एआयकडून प्रकरण लिहून घेतलं तर?

घेऊ नका. मराठी संदर्भ मागितले तर ते अस्तित्वात नसलेली पुस्तकं बिनधास्त सांगतं, हे मी विद्यार्थ्यांच्या संदर्भसूचीत पाहिलं आहे. इंग्रजी लेखाचा अंदाज घ्यायला वापरलंत तर मूळ लेख काढून वाचा.

शोधनिबंध कुठं छापू?

२०२२च्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते, ती विचारा. मान्य नियतकालिकांची आयोगाची 'केअर' यादीही आता बंद झाली आहे. तरी छापा, कारण अनोळखी वाचकानं तपासलेलं लेखन वेगळं होतं. पुण्यात मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' आहे, महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' आहे. पैसे घेऊन आठ दिवसांत छापतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या अंकात तुमचा निबंध कोणी वाचत नाही, आणि पुढं मुलाखतीत तो झाकून ठेवावासा वाटतो.

आणि कथा?

दिवाळी अंकांकडे. १९०९ साली 'मनोरंजन'नं सुरू केलेली ही प्रथा नव्या लेखकासाठी अजूनही सगळ्यांत मोठं दार आहे. जून-जुलैमध्ये कथा पाठवा, ऑगस्ट उलटला की बहुतेक अंक भरलेले असतात. एक कथा एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका, संपादक एकमेकांना ओळखतात. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे.

टायपिंग कोणत्या फाँटमध्ये?

पहिल्या दिवसापासून युनिकोड. जुन्या फाँटमधून रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आणि 'करणाऱ्या' हा शब्द तर चारशे पानांत शंभरदा दुरुस्त करावा लागतो.

प्रबंधाचं पुस्तक लगेच करावं का?

वर्षभर थांबा. प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो, म्हणून पूर्वसंशोधनाचा आढावा, गृहीतकं आणि प्रत्येक प्रकरणाचा समारोप हे वाचकाला जड होतं. माझ्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण पुस्तकात तीन पानांचं झालं आणि जात्याचा प्रसंग, जो प्रबंधात एका तळटीपेत होता, तो पुस्तकाच्या सुरुवातीला आला. दुसऱ्यांच्या कविता किंवा लांब उतारे असतील तर परवानगी काढा. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो.

यानंतर नोकरी लागेल का?

खात्री देता येत नाही. कायम जागा कमी आहेत, उमेदवार पुष्कळ आहेत. नेट किंवा राज्यपातळीवरची सेट करून ठेवा. सोबत संपादन, भाषांतर, कोशकार्य, मुद्रितशोधन यांतलं एखादं काम हाताशी असू द्या. पुण्यात या कामांना माणसं लागतात, आणि प्रबंधात घडलेली नजर तिथं रोज उपयोगी पडते.

प्रवेश अजून झालेला नाही. तोवर काय करू?

एक सकाळ मोकळी ठेवा. तुमच्या आजीचा जन्म ज्या साली झाला त्या सालच्या एखाद्या मराठी मासिकाचा बांधीव खंड मागा. लेख बाजूला ठेवा, आधी जाहिराती आणि वाचकांची पत्रं वाचा. त्या वर्षी बायकांना काय विकलं जात होतं, कोण कोणावर चिडलं होतं, कुठला शब्द आज आपण वापरत नाही, हे पहिल्या वहीत पृष्ठांकासह लिहा. घरी आल्यावर आजी असेल तर तिला, नसेल तर तिला ओळखणाऱ्या कोणाला तरी त्यातली एक नोंद वाचून दाखवा आणि ती व्यक्ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत, त्याच दिवशी, तारीख घालून उतरवा. जाताना ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र सोबत असू द्या. खंड काढून द्यायला वेळ लागतो, म्हणून दुपारच्या सुट्टीआधी पोचा.